खिडकीच्या दोन्ही बाजूंना आपणच



या वेळचे संपादकीय फेडरेशनच्या ठरावावर नाही. खाली लिहिले आहे ते माझे स्वतःचे मत आहे, कार्यकारिणीने मंजूर केलेले धोरण नव्हे. पटले तर शाखेच्या सभेत मांडा. पटले नाही तर पोस्टकार्ड टाका, आम्ही ते छापू.

भुसावळ, सोलापूर, नागपूर असो की इटारसी, बडोदा, हुबळी, सिकंदराबाद असो, मराठी कामगार भेटला की बोलणे तीन विषयांवर येते. पहिला विषय देशाच्या राजकारणाचा: कोणाचाच भरवसा वाटत नाही. दुसरा बाजाराचा: पैसे मोजूनही माल आणि सेवा धड मिळत नाही, तक्रार करावी तर कोणी भेटत नाही. तिसरा विषय आवाज खाली करून निघतो: "साहेब, नोकरी सोडू का? दुसरीकडे जाऊ का?"

हे तिन्ही विषय वेगवेगळे आहेत असे आपण समजतो. मतदार म्हणून एक विचार करतो, गिऱ्हाईक म्हणून दुसरा आणि कामगार म्हणून तिसरा. माझे म्हणणे असे की माणूस एकच आहे, आणि त्याचे असे तीन तुकडे पडले की राज्य करणाऱ्यांचे काम सोपे होते.

गिऱ्हाईक म्हणून

ग्राहक हा राजा आहे असे म्हणतात. या राजाने तक्रारीसाठी फोन केला की त्याला आधी एक दाबा, मग दोन दाबा, मग नऊ दाबा असे सांगतात. पूर्वी दुकानदार समोर असे, त्याच्याशी भांडता येत असे. आता भांडायला माणूसच ठेवलेला नाही.

माझ्या घरचा फ्रीज हमीच्या मुदतीत बंद पडला. कंपनीचे नाव घेत नाही, सगळे एकाच माळेचे मणी आहेत. तीन खेपा झाल्या तरी काम झाले नाही. तिसऱ्या खेपेला आलेल्या पोराला घरच्यांनी चांगलेच फैलावर घेतले. नंतर मी त्याची चौकशी केली. तो कंपनीचा नोकरच नव्हता. कंपनीने काम एजन्सीला दिलेले, एजन्सीने या पोराला. एका तक्रारीमागे ठरलेली रक्कम, पेट्रोल पदरचे, आणि कंपनीकडून पार्ट येऊन काम पुरे होईपर्यंत त्याला दमडी मिळत नाही. म्हणजे आमच्याइतकाच तोही त्या पार्टची वाट पाहत होता. शिव्या मात्र त्यालाच बसल्या.

अशा वेळी काय करायचे, ते आपल्या बऱ्याच सभासदांना माहीत नसते, म्हणून लिहितो. ग्राहक संरक्षणाचा १९८६ चा कायदा जाऊन २०१९ चा कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून तो लागू झाला. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीवाल्यांच्या सोयीची गोष्ट अशी की, आपण जिथे राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. वस्तू नागपुरात घेतली आणि बदली इटारसीला झाली, तर नागपूरला खेटे घालण्याचे कारण नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि तिचा नंबर लिहून ठेवावा. पावती आणि हमीपत्र जपून ठेवावे. जागेवरून न हलता हे करणे म्हणजे खरे भांडण. दारात आलेल्या पोरावर ओरडणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

खिडकीच्या आत बसल्यावर

आता हेच आपल्याकडे लावून पाहा. जी जागा त्या पोराची, तीच बुकिंगच्या खिडकीत बसलेल्या आपल्या भगिनीची आणि दारोदार फिरणाऱ्या पोस्टमनची.

ज्येष्ठ नागरिकांना तिकिटात सवलत होती, पुरुषांना चाळीस टक्के, महिलांना पन्नास टक्के. ती २० मार्च २०२० रोजी करोनाच्या कारणाने बंद केली. करोना गेला, गाड्या पूर्ववत धावल्या, सवलत काही परतली नाही. साठी ओलांडलेला म्हातारा खिडकीपाशी येतो, पूर्ण भाडे ऐकतो आणि बोल लावतो तो बुकिंग क्लार्कला. राजधानी, शताब्दी, दुरंतोत जागा भरत जातील तसे भाडे चढवण्याची पद्धत सप्टेंबर २०१६ मध्ये आणली गेली. तत्काळच्या ऑनलाइन तिकिटाला जुलै २०२५ पासून आधार जोडणे सक्तीचे झाले. यातला एकही निर्णय खिडकीत बसणाऱ्याने घेतलेला नाही. उत्तरे मात्र त्यानेच द्यायची.

तिकिटावर छापले जाऊ लागले की रेल्वे प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रक्कम भाड्यातून वसूल करते. हे वाचून प्रवाशाला वाटावे की आपण फुकटे आहोत, आणि आपल्याला वाटावे की प्रवाशामुळे रेल्वे बुडते आहे. मला हे वाक्य कधी आवडले नाही. शाळा चालवताना किती टक्के वसूल झाले असे कोणी छापत नाही.

टपालात २०२५ साली देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट वेगळी राहिली नाही, ती १९८६ साली सुरू झालेल्या स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. कोर्टाची नोटीस, नोकरीचा अर्ज, बहिणीची राखी, सगळे रजिस्टरने पाठवणारा गावातला माणूस विचारतो, "स्वस्तातले रजिस्टर का बंद केले?" आणि विचारतो कोणाला? सायकलवरच्या ग्रामीण डाक सेवकाला. हा डाक सेवक चार-पाच तासांच्या कामाच्या हिशेबाने भत्ता घेतो, नियमित नोकर म्हणून धरला जात नाही, आणि २०१८ साली सोळा दिवस संप केल्यावर कमलेश चंद्र समितीच्या शिफारशींवर सरकार हलले. त्याच्याकडे त्या प्रश्नाचे काय उत्तर असणार?

तरीही एक गोष्ट आपण मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. प्रवाशाची आणि टपाल ग्राहकाची तक्रार बहुतेक वेळा खरी असते. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रवाशाला तीस हजार रुपयांची भरपाई कायम केली. जम्मूला जाणारी गाडी चार तास उशिरा पोहोचली, त्याचे पुढचे विमान चुकले. उशिराचे कारण रेल्वेला सिद्ध करता आले नाही तर भरपाई द्यावी लागेल, असे न्यायालयाने सांगितले. आपल्यातल्या काहींना तो निकाल टोचला. मला तो योग्य वाटला. मात्र त्या निकालानंतर विचारायचा प्रश्न असा होता की गाड्यांना उशीर का होतो? माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तराप्रमाणे जून २०२३ मध्ये रेल्वेत सुमारे २ लाख ७४ हजार पदे रिकामी होती आणि त्यातली १ लाख ७० हजारांहून अधिक सुरक्षेशी संबंधित होती. गँगमध्ये माणूस नाही, सिग्नलच्या देखभालीला माणूस नाही, ड्रायव्हरला वेळेवर विश्रांती नाही. प्रवाशाचा उशीर आणि आपला जादा ताण ही एकाच रिकाम्या पदाची दोन नावे आहेत. हे प्रवाशाला समजावून सांगणे हे युनियनचे काम आहे, आणि ते आपण पुरेसे करत नाही.

टेलिफोनचा धडा

टपाल कामगारांतल्या जुन्या लोकांना पी अँड टी आठवत असेल. १९८५ साली टपाल आणि तार-टेलिफोन वेगळे झाले. दुसऱ्या वर्षी मुंबई-दिल्लीसाठी एमटीएनएल निघाले आणि १ ऑक्टोबर २००० रोजी बीएसएनएलचे काम सुरू झाले. त्या काळी टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. लाइन बिघडली की आठ-आठ दिवस फोन मुका. लोक चिडलेले होते आणि त्यांचा राग खोटा नव्हता.

त्या रागाचा उपयोग कोणी केला? खासगी कंपन्या आल्या, दर पडले, आपणही खुशीने त्यांची कार्डे घेतली. मग एकेक कंपनी गळाली आणि मैदानात मोजक्याच राहिल्या. सरकारी कंपनीच्या पायात मात्र दोरी. खासगी कंपन्यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये फाइव्ह जी सुरू केले, आणि बीएसएनएलच्या स्वदेशी फोर जीचे देशव्यापी उद्घाटन झाले २७ सप्टेंबर २०२५ रोजी. शर्यतीत एकाला घोडा आणि दुसऱ्याला बैलगाडी द्यायची, आणि मग म्हणायचे, बघा, सरकारी माणूस मागे पडला.

ऑक्टोबर २०१९ मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. पन्नाशी गाठलेल्यांना ती खुली होती. बीएसएनएलमधून सुमारे ७८ हजार आणि एमटीएनएलमधून १४ हजारांवर माणसे ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी घरी गेली. काहींनी विचार करून घेतली, बऱ्याच जणांनी भीतीने घेतली, कारण पगार वेळेवर होत नव्हते.

पुढे जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ एक दर वाढवले, दहा टक्क्यांपासून पंचवीस टक्क्यांपर्यंत. तेव्हा लाखो ग्राहकांनी पुन्हा बीएसएनएलची वाट धरली. पण त्यांची सेवा करणारे हात निम्म्याहून कमी झाले होते. ग्राहकाचा राग, सरकारचे धोरण आणि कामगाराची नोकरी या तीन गोष्टी कशा एका दोरीत गुंफलेल्या असतात, हे याहून स्वच्छ कुठे दिसणार? उद्या रेल्वेची आणि टपालाची पाळी आली तर कोणी म्हणू नये की आम्हाला माहीत नव्हते.

मतदार म्हणून

राजकारणावर माझे मत स्पष्ट आहे. मी कोणत्याही पक्षाचे नाव सांगणार नाही, कारण आपल्या प्रश्नावर कोणाचेच हात स्वच्छ नाहीत. पेन्शनचेच घ्या. १ जानेवारी २००४ पासून नव्या भरतीची जुनी पेन्शन गेली. तो निर्णय एका सरकारचा. पुढच्या सरकारने दहा वर्षांत तो फिरवला नाही, उलट २०१३ साली त्याला पीएफआरडीए कायद्याचे अधिष्ठान दिले. त्यानंतरच्या सरकारने २४ ऑगस्ट २०२४ रोजी यूपीएस जाहीर केली आणि १ एप्रिल २०२५ पासून ती लागू केली. पंचवीस वर्षे नोकरी झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या पन्नास टक्के, आणि दहा वर्षांवर किमान दहा हजार. एनपीएसपेक्षा हे बरे, यात शंका नाही. पण जुन्या पेन्शनमध्ये कामगाराच्या पगारातून दहा टक्के कापले जात नव्हते. निवड करायची मुदत दोनदा वाढवून ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत नेली, तरी फार थोड्यांनी यूपीएस घेतली. कामगार अडाणी नाही, तो हिशेब करतो.

चार श्रमसंहितांचेही तसेच. २९ कायद्यांच्या जागी चार संहिता २०१९ आणि २०२० मध्ये संसदेत मंजूर झाल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षावर ग्रॅच्युइटी, ही त्यातली चांगली बाजू मी नाकारत नाही. पण संपासाठी चौदा दिवसांची नोटीस आता सर्व उद्योगांना लागली. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकदम किरकोळ रजा घेतली तर तोही संप समजला जाईल. कारखाना बंद करताना सरकारची परवानगी घेण्याची अट शंभरऐवजी तीनशे कामगारांवर नेली. ज्यांच्या वडिलांनी मे १९७४ मध्ये वीस दिवस रूळ थंड ठेवले आणि त्यासाठी तुरुंग, बडतर्फी आणि क्वार्टरमधून हकालपट्टी सोसली, त्यांना या कलमांचा अर्थ समजावून सांगायला नको.

आणखी एक बोलतो, काहींना आवडणार नाही. रेल्वेच्या नोकरीवरून प्रांताप्रांतांत भांडण लावण्याचा धंदा जुना आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबईत परीक्षेला आलेल्या उत्तरेकडच्या मुलांना मारहाण झाली. पुढे काय झाले? २० मार्च २०१८ रोजी माटुंगा-दादर दरम्यान रुळांवर बसलेल्या अप्रेंटिस पोरांत आपली मराठी मुले होती. २०१९ च्या एनटीपीसी भरतीत पस्तीस हजारांच्या पदांना सव्वा कोटीच्या आसपास अर्ज आले आणि जानेवारी २०२२ मध्ये गयेत डबे पेटले. डबा पेटवणे मला कधीच मान्य नाही, तो डबा आपल्याच भावाने धुतलेला असतो. पण पस्तीस हजार भाकऱ्यांना सव्वा कोटी तोंडे असली की शेजारचा खातो म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. भाकरी कमी का भाजली, हे विचारायचे. आपणापैकी कित्येक जण इटारसीत, झाशीत, हुबळीत दुसऱ्यांच्या प्रांतात भाकरी खात आहोत, हे विसरू नये.

म्हणून मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. रिकामी पदे किती आणि कधी भरणार? जुन्या पेन्शनवर लेखी भूमिका काय? रेल्वे आणि टपालातले कोणते काम कंत्राटात देणार? जातीचा, भाषेचा, देवळाचा विषय त्यांनी काढला तर नम्रपणे म्हणा, ते नंतर, आधी या तीन प्रश्नांची उत्तरे.

नोकरी सोडण्याआधी

आता तो तिसरा, खालच्या आवाजातला प्रश्न. नोकरी बदलणे हा गुन्हा नाही. ट्रॅकमनचा मुलगा ट्रॅकमनच व्हावा असा काही नियम नाही, आणि वडिलांच्या जागी मुलाला घेण्याची लार्सजेस योजनाही २०१८ साली बंद झाली. तरुण सभासदाने शिकावे, पुढे जावे. पण रागाच्या भरात कागदावर सही करू नये. चार गोष्टी सांगतो.

पहिली: आधी घरातल्या घरात वाट शोधा. खात्यांतर्गत परीक्षा देऊन पॉइंट्समनचा गार्ड होतो, डाक सेवकाचा पोस्टमन होतो. त्यांच्या तारखा सूचनाफलकावर लागतात आणि निघून जातात. शाखा सचिवांनी त्या कामगारापर्यंत पोहोचवल्याच पाहिजेत.

दुसरी: दुसऱ्या सरकारी खात्यात जायचे असेल तर अर्ज योग्य मार्गाने, खात्याची परवानगी घेऊन करा. तेव्हा तांत्रिक राजीनामा धरला जातो आणि मागची सेवा जोडता येते. न सांगता परीक्षा दिली आणि साधा राजीनामा टाकला, तर मागची वर्षे पाण्यात.

तिसरी: राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती हे दोन शब्द एक समजू नका. वीस वर्षे पुरी झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि जुन्या पेन्शनवाल्याला पेन्शन मिळते. तोच माणूस 'राजीनामा' असा शब्द लिहील तर झालेली सेवा जप्त होते. वीस वर्षे झाली असली तरी राजीनामा तो राजीनामाच, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये म्हटले आहे. एका शब्दाने म्हातारपण जाते.

चौथी: यूपीएस घेतलेल्यांसाठी. सप्टेंबर २०२५ च्या नियमांप्रमाणे वीस वर्षांनंतर स्वेच्छेने निवृत्त होता येते. पण पूर्ण रक्कम पंचवीस वर्षांवरच मिळते, त्याआधी त्या प्रमाणात कमी. आणि महिन्याचे पैसे लगेच सुरू होत नाहीत. तुम्ही नोकरीत राहिला असता तर ज्या तारखेला निवृत्त झाला असता, त्या तारखेपासून सुरू होतात. पंचेचाळिसाव्या वर्षी बाहेर पडलात तर साठीपर्यंत काय खाणार, हा हिशेब आधी बायकोसमोर बसून मांडा. फ्रीज दुरुस्त करणाऱ्या त्या पोरासारखे दर कामामागे पैसे, पेट्रोल पदरचे, अशी कामे बाहेर भरपूर आहेत. तिथे जाण्याआधी तिथले चौघे भेटा.

करायचे काय?

प्रत्येक शाखेने या तिमाहीत तीन कामे करावीत. एक: स्टेशनवर आणि पोस्ट ऑफिसात, परवानगी घेऊन, प्रवाशांची आणि टपाल ग्राहकांची एक सभा घ्यावी. आपल्या मागण्या ऐकवण्याआधी त्यांच्या तक्रारी ऐकाव्या, आणि आपल्या कार्यालयात रिकामी पदे किती, ते त्यांना सांगावे. दोन: ग्राहक तक्रारीचा अर्ज लिहून देणारा एक जाणकार सभासद नेमावा. तीन: कोणीही राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्तीचा कागद देण्याआधी तो शाखेत वाचून घेण्याची प्रथा पाडावी.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, त्याला एकशे तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. ती सुट्टी गिरणीवाल्यांपुरती राहिली नाही, सगळ्यांच्या घरात आली. आपली लढाई तशी व्हायला हवी. खिडकीच्या आतल्याने जे मिळवले, ते बाहेर रांगेत उभ्या असलेल्यालाही आपले वाटले पाहिजे. ते वाटेल तेव्हा खिडकी बंद करण्याची हिंमत कोणाला होणार नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!